चंबळचा पूल ओलांडल्यावर परवाना चालतो का?

या महिन्याच्या टपालात शस्त्र परवान्याची चार पत्रं एकदम आली. ग्वाल्हेरात त्याचं नवल नाही. आपल्याकडे खांद्यावर बंदूक घेऊन माणूस किराणा आणायला जातो. पण चारही पत्रांत विचारलेलं एकच आहे: आपल्या राज्याचा कागद दुसऱ्या राज्यात चालतो का? माझ्या वकिलीची अडतीस वर्षं कलेक्टोरेटच्या शस्त्र शाखेच्या पायऱ्या झिजवण्यात गेली, म्हणून या वेळी दुसरे प्रश्न बाजूला ठेवून हीच पत्रं घेतली आहेत. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे. ते ज्यांनी लिहिलं त्यांचं विमान लवकरच आहे.

प्रश्न: वकीलकाकू, सा. नमस्कार. आमचा मुलगा चौदा वर्षं टेक्सासमध्ये, ह्यूस्टनला आहे. दोन वर्षांपूर्वी त्याचं ग्रीन कार्ड झालं आणि गेल्या दिवाळीनंतर त्याने पिस्तूल घेतलं. आम्हाला ते आत्ता कळलं. आता त्याची न्यू जर्सीला बदली झाली आहे. सामान ट्रकने जाईल आणि तो, सून, चार वर्षांची नात गाडीने जातील. मदतीला म्हणून आम्ही दोघंही व्हिजिटर व्हिसावर जातोय, तेव्हा गाडीत आम्हीही असू. पिस्तुलाचं विचारलं तर म्हणतो, ‘आई, इथे परवानासुद्धा लागत नाही, तू काळजी करू नकोस.’ सून एच-वन-बीवर नोकरी करते, तिचं कार्ड अजून व्हायचंय. हे म्हणतात, मी उगीच घाबरते. खरंच काही लागत नाही का हो?
(एक आई, लश्कर)

उत्तर: ताई, तुम्ही उगीच घाबरत नाही. तुमच्या एवढ्याशा पत्रात तीन-चार वेगवेगळे कायदे गुंतले आहेत आणि मुलाला त्यातला एकच ठाऊक दिसतो.

तो म्हणतो ते टेक्सासपुरतं खरं आहे. १ सप्टेंबर २०२१ पासून तिथे एकवीस वर्षं पूर्ण झालेल्या आणि कायद्याने शस्त्र बाळगायला मनाई नसलेल्या माणसाला पिस्तूल जवळ घेऊन हिंडायला परवाना लागत नाही. व्हर्मांट राज्यात तो कधीच लागत नव्हता. अलास्काने २००३ मध्ये, ॲरिझोनाने २०१० मध्ये तोच रस्ता धरला आणि २०२४ पर्यंत अशी २९ राज्यं झाली. पण सामान्य नागरिकाला अख्ख्या अमेरिकेत चालेल असा शस्त्र परवानाच तिथे नाही. शेजारच्या राज्याचा कागद मानायचा की नाही हे प्रत्येक राज्य आपापलं ठरवतं. काही राज्यं सगळ्यांचे परवाने मानतात, काही यादी करून मोजक्या राज्यांचे. कोलोराडो आणि मिशिगनची अट अशी की परवाना धारकाच्या स्वतःच्या राज्याने दिलेला हवा, दुसरीकडून मिळवलेला नको. न्यू जर्सी, न्यूयॉर्क, मेरिलँड, इलिनॉय, कॅलिफोर्निया ही राज्यं बाहेरचा कुणाचाच परवाना मानत नाहीत. बाहेरचे परवाने मानणाऱ्या राज्यांत टेक्सासचा कागद तरी दाखवता आला असता, पण तुमच्या मुलाकडे बहुतेक तोही नाही.

आपल्या आग्र्याच्या रस्त्याचा विचार करा. ग्वाल्हेरहून निघालात की मुरैनापर्यंत मध्य प्रदेश, चंबळचा पूल उतरलात की धौलपूर म्हणजे राजस्थान, आणि थोड्याच वेळात आग्रा जिल्हा, म्हणजे उत्तर प्रदेश. सव्वाशे किलोमीटरच्या आत तीन राज्यं. माझ्याकडे दौलतगंजातले एक कंत्राटदार आले होते. १९९६ मधली गोष्ट. आईला आग्र्याच्या डॉक्टरांकडे नेत होते, कमरेला नेहमीचं बत्तीस बोअरचं रिव्हॉल्व्हर. परवाना खरा, नूतनीकरण वेळेवर, पोलीस रेकॉर्ड स्वच्छ. पण परवान्याच्या क्षेत्राच्या रकान्यात ‘मध्य प्रदेश’ लिहिलं होतं. पुलापलीकडे नाक्यावर गाडी थांबवली आणि आर्म्स ॲक्टखाली गुन्हा दाखल झाला. आई गाडीत तापाने फणफणलेली आणि मुलगा ठाण्यात. सुटला, पण सहा वर्षांनी, आणि तोवर रिव्हॉल्व्हर मालखान्यात गंजलं. वीस वर्षं तो कागद त्यांच्या खिशात होता, तो रकाना त्यांनी कधी वाचलाच नव्हता. तुमच्या मुलाला मी हीच गोष्ट सांगेन, कारण त्याचा रस्ता याहून लांब आहे.

ह्यूस्टनहून न्यू जर्सीचा नेहमीचा मोटारीचा रस्ता धरला तर लुईझियाना, मिसिसिपी, अलाबामा, जॉर्जियाचा एक कोपरा, टेनेसी, मग लांबलचक व्हर्जिनिया, वेस्ट व्हर्जिनिया, मेरिलँड, पेनसिल्व्हेनिया आणि शेवटी न्यू जर्सी. यात मेरिलँडचा पट्टा जेमतेम बारा मैलांचा. आपल्या धौलपूरसारखाच, डुलकी लागली तर आला आणि गेला ते कळणारही नाही. सुरुवातीच्या राज्यांत बिनपरवान्याची मुभा आहे, पण पुढे व्हर्जिनियात पिस्तूल कपड्याआड बाळगायला परवाना लागतो आणि शेवटच्या राज्यात तर बाहेरच्या कागदाला काही किंमतच नाही.

या प्रवासासाठी केंद्राचा एक कायदा मदतीला येतो, १९८६ चा. ज्या ठिकाणाहून निघालात तिथे आणि जिथे पोचायचंय तिथेही ते शस्त्र बाळगणं कायदेशीर असेल, तर मधल्या राज्यांतून ते नेता येतं. पण अटी पाळाव्या लागतात. पिस्तुलात गोळी नको. पिस्तूल किंवा गोळ्या, दोन्हींपैकी काहीही बसण्याच्या जागेतून हाताला लागता कामा नये, म्हणजे डिकीत. पाच माणसं आणि सामान म्हणजे गाडी एसयूव्ही असणार. तिला वेगळी डिकी नसते, तेव्हा कुलूपबंद पेटी हवी. समोरचा कप्पा किंवा दोन सीटमधला खण यांना कुलूप असलं तरी कायदा ते धरत नाही, हे त्या कलमातच लिहिलं आहे. कमरेला लावून ‘मी प्रवासात आहे’ म्हटलं की हे संरक्षण गेलं. शाळेपासून १००० फुटांच्या आत शस्त्र नेण्याबद्दल केंद्राचा वेगळा कायदा आहे. त्यातली परवानाधारकाची सूट, ज्या राज्यात ती शाळा आहे त्याच राज्याच्या परवान्याला मिळते. हमरस्त्यावरून जेवायला म्हणून गावात वळलात की शाळा कुठे आहे हे कुणाला कळणार? रिकामं पिस्तूल कुलूपबंद पेटीत असेल तर तिथेही अडचण येत नाही.

मुक्कामाचंही आधी ठरवा. २००५ मध्ये युटा राज्यातला एक माणूस पेनसिल्व्हेनियाला निघाला होता. पिस्तूल नियमाप्रमाणे कुलूपबंद, विमान कंपनीला सांगून सामानात दिलेलं. विमानाला उशीर झाला, न्यू जर्सीत नेवार्कला पुढची गाडी चुकली. बॅग हातात आली आणि रात्र विमानतळाजवळच्या हॉटेलात गेली. सकाळी परत विमानतळावर जाऊन त्याने स्वतःहून पिस्तूल असल्याचं सांगितलं आणि तिथेच अटक झाली. गुन्हा पुढे मागे घेतला गेला. त्याने नुकसानभरपाईचा दावा लावला, तर २०१० मध्ये अपील कोर्टाने सांगितलं की रात्रभर पिस्तूल त्याच्या हाताच्या अंतरावर होतं, म्हणून १९८६ च्या कायद्याचं संरक्षण त्याला नाही. म्हणून मुलाला म्हणावं, मुक्काम टेनेसीत कर, मेरिलँडमध्ये चहालाही थांबू नकोस.

आणि न्यू जर्सी चुकीला माफ करत नाही. २०१३ मध्ये पेनसिल्व्हेनियातली एक बाई, दोन लहान मुलांची आई, फिलाडेल्फियाकडून गाडीने तिथे आली. तिच्याकडे आपल्या राज्याचा रीतसर परवाना होता. पोलिसाने गाडी थांबवली तेव्हा तिने प्रामाणिकपणे स्वतःच सांगितलं की पिस्तूल जवळ आहे. परवाना सगळीकडे चालतो असं तिला वाटत होतं. साडेतीन वर्षं सुटका नाही अशा शिक्षेची टांगती तलवार तिच्या डोक्यावर आली. खूप ओरड झाली, आणि एप्रिल २०१५ मध्ये गव्हर्नर ख्रिस ख्रिस्ती यांनी तिला माफी दिली. तोपर्यंत दीड वर्ष गेलं होतं. मी त्या बातम्या वाचत होते तेव्हा मला तो दौलतगंजातला माणूस सारखा आठवत होता.

मुलगा कदाचित म्हणेल, ‘सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये हे सगळं रद्द केलं.’ त्या वर्षी २३ जूनला सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल लागला खरा. न्यूयॉर्कमध्ये शस्त्र जवळ बाळगायला खास कारण सिद्ध करावं लागे, ती अट कोर्टाने घटनाबाह्य ठरवली. न्यू जर्सीचीही तशीच अट त्यामुळे गेली. पण याचा अर्थ एवढाच की पात्र माणसाला त्या राज्याने परवाना नाकारायचा नाही. टेक्सासवाल्याचा कागद न्यू जर्सीने मानावा असं त्या निकालात नाही. तिथे राहायला गेल्यावर पिस्तूल जवळ घेऊन हिंडायचं असेल तर त्याला तिथला परवाना काढावा लागेल, प्रशिक्षण आणि नेमबाजीची चाचणी देऊन, आणि तो दर दोन वर्षांनी नवा करावा लागतो. शिवाय २०२२ च्या तिथल्या कायद्याप्रमाणे बाहेरून राहायला आलेल्याने ६० दिवसांत शस्त्र खरेदीचं ओळखपत्र काढून पिस्तुलाची नोंद करायची असते. २०१८ च्या कायद्याने दहापेक्षा जास्त गोळ्यांच्या मॅगझिनवर बंदी घातली. टेक्सासमध्ये पिस्तुलाबरोबर पंधरा-सतरा गोळ्यांचं मॅगझिन सर्रास मिळतं. ते पेटीत बसलं असेल तर पोचण्याचं ठिकाणच कायदेशीर राहत नाही.

आता सुनेबद्दल. मला खरी धास्ती तिची आहे. तात्पुरत्या व्हिसावरच्या परदेशी व्यक्तीने बंदूक किंवा गोळ्या जवळ बाळगणं हा तिथे केंद्राचा गुन्हा आहे, मग राज्य कुठलंही असो. शिकारीचा रीतसर परवाना असेल तर सूट आहे, पण त्या आडोशाने घरात पिस्तूल ठेवू नका. एच-वन-बी हा तात्पुरताच व्हिसा. नवऱ्याचं पिस्तूल घरात असणं एवढ्याने ती गुन्हेगार होत नाही, पण पेटीची किल्ली तिच्या पर्समध्ये असली, नंबर तिला पाठ असला किंवा पिस्तूल डिकीत असताना गाडी ती एकटी चालवत असली, की ते तिच्या ताब्यात आहे असं म्हणायला सरकारी वकिलाला जागा मिळते. किल्ली फक्त मुलाकडे हवी. हे बारीकसारीक वाटेल, पण शस्त्राच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या परदेशी माणसाला देशाबाहेर काढता येतं, आणि हे ग्रीन कार्डवाल्यालाही लागू आहे. तुमच्या मुलालासुद्धा. चौदा वर्षांचा संसार त्या पेटीत ठेवलेला आहे, हे त्याला शांतपणे सांगा.

तुम्ही दोघं व्हिजिटर व्हिसावर म्हणजे तुम्हालाही तोच नियम. मुलगा हौसेने नेमबाजीच्या रेंजवर नेईल, ‘बाबा, एक फोटो काढू’ म्हणेल. नको. फ्लोरिडात विद्यार्थी व्हिसावर आलेल्या एका तरुणाचं शिक्षण सुटलं, व्हिसाचा हक्क गेला आणि तो रेंजवर गेला. त्याचा खटला सुप्रीम कोर्टापर्यंत पोचला. २०१९ मध्ये कोर्टाने म्हटलं की आपल्याला मनाई असलेल्या वर्गात आपण मोडतो हे आरोपीला माहीत होतं, हे सरकारने सिद्ध केलं पाहिजे. पण तुमच्या पासपोर्टवर कोणता व्हिसा आहे हे तुम्हाला माहीत आहे, तेव्हा त्या निकालाचा तुम्हाला उपयोग नाही.

माझा सल्ला विचाराल तर ते पिस्तूल टेक्सासमध्येच परवानाधारक दुकानदाराला विकून टाकावं आणि हलक्या हाताने प्रवास करावा. न्यू जर्सीत स्थिरस्थावर झाल्यावर हवंच असेल तर तिथल्या नियमाने नवं घ्यावं. तोवर सुनेचंही कार्ड होईल. नेणारच असेल, तर निघण्याआधी न्यू जर्सीतल्या वकिलाला तासाभराची फी देऊन सगळं लिहून घ्यावं. आणि घर कुठेही असो, चार वर्षांची नात आहे. गोळ्या वेगळ्या आणि पिस्तूल वेगळं, दोन कुलपांत.

प्रश्न: काकू, मी कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे. अमेरिकेत एका राज्याचं ड्रायव्हिंग लायसन्स सगळीकडे चालतं, मग शस्त्र परवाना का नाही?
(विद्यार्थिनी, थाटीपूर)

उत्तर: ड्रायव्हिंग लायसन्सही राज्यांनी आपापल्या कायद्याने एकमेकांचं मानून घेतलं, म्हणून चालतं. शस्त्राबाबत तसं एकमत झालं नाही. केंद्राने सक्ती करावी म्हणून विधेयक आलं होतं. ६ डिसेंबर २०१७ रोजी ते प्रतिनिधिगृहात २३१ विरुद्ध १९८ मतांनी मंजूर झालं, सिनेटमध्ये मात्र अडलं. जानेवारी २०२५ मध्ये ते पुन्हा मांडलं गेलं. पोलिसांना मात्र, नोकरीतल्या आणि ठरावीक सेवा झालेल्या निवृत्तांनाही, २००४ च्या कायद्याने देशभर मुभा आहे. तू अभ्यास करणार असशील तर त्या कायद्यापासून सुरुवात कर, म्हणजे केंद्र हे करू शकतं पण सर्वांसाठी केलेलं नाही, हे नीट दिसेल.

माझं मत विचारशील तर, जे राज्य प्रशिक्षण मागतं त्याच्यावर, काहीच न मागणाऱ्या राज्याचा माणूस लादू नये. या शहरात मी परवाने इतक्या वेगवेगळ्या कारणांनी मिळताना पाहिलेत की दुसऱ्याच्या शिक्क्यावर डोळे मिटून विश्वास ठेवा, असं मी कुणालाच सांगणार नाही. पण आपल्या राज्याचा खरा परवाना असलेल्या आणि स्वतः कबूल करणाऱ्या प्रवाशाला पहिल्या चुकीसाठी साडेतीन वर्षं डांबणं हा अन्याय आहे. तिथे दंड घ्या, शस्त्र परत पाठवा. या दोन्ही गोष्टी एकाच कायद्यात बसू शकतात, आणि तुझ्या पिढीने आपल्याकडेही त्या बसवाव्यात.

प्रश्न: फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. बारा बोअरची दुनाळी आणि बत्तीसचं रिव्हॉल्व्हर, दोन्ही परवान्यावर. आता कायमचा मुलाकडे पुण्याला जातोय. मुलगा म्हणतो, गाडीत टाका आणि या. जमेल का?
(एक फौजी, मुरार)

उत्तर: सुभेदारसाहेब, आधी परवाना काढा आणि क्षेत्राचा रकाना वाचा. तिथे ‘संपूर्ण भारत’ असेल तर निर्धास्त जा. ‘मध्य प्रदेश’ असेल तर आपला आग्रा-मुंबई रस्ता शिवपुरी, गुना, इंदूर करत सेंधव्यापर्यंत तुमचा, आणि बिजासनचा घाट उतरलात की तुम्ही बिनपरवाना. आर्म्स ॲक्ट १९५९ चा, सगळ्या देशाला एकच, आणि तरी परवान्याची हद्द असतेच. यात पुष्कळ भले लोक फसतात.

क्षेत्र वाढवून मिळावं म्हणून कलेक्टोरेटला अर्ज निघण्याआधी करा. मंजुरी हातात येईपर्यंत दोन्ही शस्त्रं पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र दुकानात जमा करून मोकळ्या हाताने पुण्याला जा. निवडणुकीत तुम्ही ती जमा करतच असाल, तीच पद्धत. पावतीवर दोन्ही शस्त्रांचे नंबर आणि काडतुसांची संख्या लिहून घ्या. पावतीवर नंबर नसल्यामुळे एका विधवा बाईंना नवऱ्याची दुनाळी परत मिळवायला मी तीन वर्षं अर्ज लिहिले आहेत. पुण्याला गेल्यावर राहण्याची जागा बदलल्याचं तीस दिवसांच्या आत इथल्या आणि तिथल्या दोन्ही अधिकाऱ्यांना लेखी कळवा. पुणे शहरात तो अधिकार पोलीस आयुक्तांकडे आहे. परवान्यावर युनिक आयडी नंबर आहे ना, तेही बघून घ्या.

दोन शस्त्रांची चिंता नको. २०१९ च्या दुरुस्तीने तीनची मर्यादा दोनवर आणली, तुम्ही त्यात बसता. त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं झाली.

प्रश्न: भाच्याचं लग्न झाशीला आहे. आमच्या दादांची लायसन्सची बंदूक वरातीत न्यायची म्हणतात, दोन बार काढायला. दतिया ओलांडलं की उत्तर प्रदेश लागतं, तर चालेल का?
(एक मामी, कंपू)

उत्तर: मामी, परवाना संपूर्ण भारताचा असला तरी चालणार नाही. लग्नाच्या आनंदात कुणाचा जीव धोक्यात येईल असा बार काढला, तर २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि हे ग्वाल्हेरातही तितकंच लागू आहे. मी लहान असताना वाड्यातल्या एका लग्नात मांडवाच्या कनातीतून गोळी आरपार गेली आणि पलीकडे पानं मांडणाऱ्या मुलाच्या खांद्यात बसली. तो हात त्याला पुन्हा वर उचलता आला नाही. दादांना सांगा, बंदूक घरीच कपाटात कुलूप लावून ठेवा, आणि लग्नाला जाताना किल्ली बरोबर घ्या.